दळण होईस्तोवर

नाशिकला मखमलाबाद नाक्याच्या बाजूला आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली, आता मी चालवते. गहू घेऊन आलेली बाई डबा खाली ठेवायच्या आत विचारते, "आधी कशाचं दळलंय?" बाजरीवर गहू टाकला तर पोळी काळपट येते, हरभऱ्यावर टाकला तर वास राहतो. म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी अशी पाळी लावावी लागते आणि ज्याचं धान्य वेगळं त्याला थांबावं लागतं. आषाढ सरत आला की उपासाची दळणं सुरू होतात. राजगिरा किंवा भगर दळायची तर आधी चक्की उघडायची, आतलं सगळं झाडून घ्यायचं, मग पहिलं मूठ-दोन मूठ पीठ बाजूला काढायचं. तोवर बाहेरचा बाक भरलेला असतो.

त्या बाकाच्या वर मी पुस्तकांचं कपाट लावलंय. काचेच्या दाराचं, कारण गिरणीत पीठ कुठेही जाऊन बसतं. पुस्तकांना खाकी कव्हरं घातलीत आणि पाठीवर जाड मार्करनं नावं लिहिलीत. ज्याला हवं त्यानं घ्यावं, घरी न्यायचं असेल तर वहीत नाव लिहावं.

बाकावरच्या माणसांना मी एकच विचारते: सध्या काय वाचताय आणि कुठपर्यंत आलात? "आवडतं पुस्तक कोणतं" असं विचारलं की लोक शाळेत ऐकलेली ठरावीक नावं सांगतात आणि विषय संपतो. हातातलं पुस्तक विचारलं की माणूस खरं बोलायला लागतो. कंटाळा आला असेल तर तेही सांगतो. अर्धवट वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलणारा माणूस मला फार आवडतो. शेवट त्यालाही माहीत नसतो, म्हणून तो अंदाज बांधतो, भांडतो, पात्रांवर चिडतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका आमच्याकडे बाजरी घेऊन येतात. ते सावानाचे जुने सभासद. सावाना म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय, १८४० सालापासूनचं. गेले काही आठवडे त्यांच्या पिशवीत विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' होतं. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक कर्ज फेडायचं म्हणून १८५७ साली काका रामभटांबरोबर पायी उत्तरेकडे निघतो आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस शहरात होता. पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, तेही बरीच काटछाट करून. मूळ मजकूर वाचकांना मिळायला १९६६ साल उजाडलं.

काकांचं वाचन मात्र ड्रायव्हरचं. पुस्तक उघडं ठेवून ते शेजारी कागदावर गावांची नावं उतरवतात. महू आलं तसे एकदम खुलले. त्या बाजूला शिपाई भेटतात आणि पुढं काय घडणार आहे ते या दोघा ब्राह्मणांना सांगतात. काका म्हणाले, "अगं, इंदूरच्या ड्यूटीला सेंधव्यानंतर याच अंगानं गाडी काढायचो मी. रात्री घाटात स्टेअरिंगवर माझे हात दुखायचे, आणि हे दोघं पायी चाललेत. खांद्यावर वळकटी आणि पुढं बंड!" मग बराच वेळ ते आग्रा रोडबद्दलच बोलत राहिले. द्वारका चौकातून सुटलेला तो रस्ता आपण रोज ओलांडतो, पण पुढं तो कुठल्या कुठल्या गोष्टींतून जातो ते मला त्या दिवशी कळलं. बाजरी दळून झाली होती, डबा भरून ठेवला होता, तरी काका उठेनात.

विहितगावहून एक मुलगी येते. मावशीकडे राहून एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्या हातात नेहमी चालू घडामोडींचं काहीतरी असायचं, म्हणून मी तिला बाबूराव बागूल दिले. बागूल मूळचे तिच्याच गावचे, १९३० चा जन्म. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्यातल्या शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरी लागून सुरतजवळच्या उधन्याला जातो आणि डोकं टेकायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. तिनं ती कथा बाकावर बसूनच संपवली. मी काही विचारलं नाही. तिनंच थोड्या वेळानं विचारलं, "ताई, खोली शोधायला निघाले की मलाही आडनाव विचारतात. हे इतक्या वर्षांपूर्वी लिहिलंय?" पुस्तक तिनं घरी नेलंय. परत मागायची मला घाई नाही.

एका शाळेच्या बाई दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचतात, तेही महिन्याला एकच प्रकरण, चैत्रापासून. १९५६ चं पुस्तक आहे आणि असं वाचायला ते फार छान. मला मात्र धीर धरवत नाही, मी सगळं सलग वाचून काढलं होतं. शेजारचा पाचवीतला मुलगा फास्टर फेणेवर आहे आणि सायकल घ्या म्हणून बापाच्या मागे लागलाय.

पण यंदा आमच्या बाकावर सगळ्यात जास्त बोललं गेलं ते लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राबद्दल, 'स्मृतिचित्रे'बद्दल. नागली घेऊन येणाऱ्या एक आजी आहेत, माहेर जलालपूर. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म जलालपूरचा, १८६८ चा, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या जलालपूरची बाई पुस्तकात?" आजींना अक्षरओळख आहे, पण बारीक टाइप दिसत नाही. रात्री जेवणं झाली की सून वाचते आणि आजी ऐकतात. दुसऱ्या दिवशी गिरणीत आल्या की मला वृत्तांत.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचं वेड आलं तेव्हा आजी हसून हसून बेजार झाल्या आणि मग गप्प झाल्या. "हसू येतं गं, पण त्या घरातल्या बाईचं काय झालं असेल? दिवसभर नुसतं धू धू." लक्ष्मीबाईंचे नवरे, कवी ना. वा. टिळक, न सांगता घरातून निघून जातात, ते ऐकल्यावर मात्र त्यांचा संताप अनावर. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले तो भाग सुनेनं वाचला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आजी दळण नसतानाही आल्या. नवरा तिकडे, ही इकडे, पदरात पोर, नातेवाइकांची बोलणी. "आता ही काय करणार? तू वाचलंयस ना, सांग." मी सांगितलं नाही. सून वैतागली असणार, कारण त्या रात्री आजींनी तिला दोन प्रकरणं वाचायला लावली.

ज्यांना वाटतं आपल्याला वाचन जमत नाही, त्यांच्या हाती मी हेच पुस्तक देते. १९३४ ते १९३६ च्या दरम्यान चार भागांत आलेलं, पण एकही वाक्य जुनं वाटत नाही. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. त्यांचं लिहिणं म्हणजे ओट्यावर बसून बोलणं आहे. दुःख सांगतानाही त्या रडगाणं गात नाहीत, आणि विनोद करताना कुणाला खाली पाडत नाहीत. मोठ्यानं वाचून दाखवावं असं याहून चांगलं मराठी पुस्तक मला तरी माहीत नाही. आजींच्या सुनेचंही तेच म्हणणं. मनात वाचलं असतं तर मी पानं गाळली असती, म्हणते, आता सासूबाई एक ओळ सोडू देत नाहीत.

परवा पाऊस इतका लागला की गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कंबरेपर्यंत चढल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि गिऱ्हाईक थांबलं. मी शटर अर्धं ओढून 'माझा प्रवास' काढलं. काकांनी वाचून झाल्यावर सावानात परत न देता मुदत वाढवून माझ्याकडे आणून दिलं होतं, त्यांच्या गावांच्या यादीसकट. मी अजून ग्वाल्हेरच्या आसपास आहे. काका बाजरी घेऊन आले की आधी "कुठं पोचलीस?" विचारतात आणि झाशीबद्दल एक अक्षर बोलत नाहीत.

आजींचं 'स्मृतिचित्रे' संपत आलंय. त्यानंतर सुनेनं काय वाचावं, यावर बाकावर रोज वाद चाललाय. काका गोडसे भटजींच्या बाजूचे, शाळेच्या बाई दुर्गाबाईंच्या. तुमच्या हातात सध्या काय आहे ते कळवा. पुस्तकाचं नुसतं नाव नको, कुठल्या प्रकरणात अडकलाय आणि पुढं काय होईल असं वाटतंय, तेही लिहा. आजींना वाचून दाखवीन.