जठराच्या अस्तराचा प्रथिन-नकाशा: मिरजेतल्या लॅबमधला अनुभव

कॉर्पस म्हणजे जठराचा मधला मोठा भाग. आम्ल आणि पेप्सिनोजेन (प्रथिनं पचवणाऱ्या पेप्सिनचं आधीचं रूप) तिथे बनतं. गॅस्ट्रिन (आम्ल वाढवणारं संप्रेरक) बनतं ते खाली पायलोरसलगतच्या, म्हणजे आतड्याकडच्या तोंडालगतच्या, अँट्रममध्ये. हा फरक अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू) लावून, ती चिकटेल तिथे तपकिरी रंग उठवून स्लाइडवर आणायचा, एवढंच काम. पण निम्मी मेहनत रंग लावण्याआधीच लागते: कुठला तुकडा कुठला, हे शेवटपर्यंत पक्कं ठेवण्यात.

सिडनी पद्धतीने (जठराचे नमुने घेण्याची ठरलेली रीत) एंडोस्कोपीत पाच तुकडे घेतात. पायलोरसपासून २-३ सेंमीच्या आत अँट्रमच्या लहान-मोठ्या दोन्ही वळणांवरून एकेक, कोनातून (लहान वळणावरच्या खाचेतून) एक, आणि कॉर्पसच्या दोन्ही वळणांवरून एकेक. प्रत्येकाची बाटली वेगळी. एकाच बाटलीत आले, तर नकाशा तिथेच संपला. तुकडा २-३ मिमीचा. फिल्टर पेपरवर खालची बाजू टेकवून १०% बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये सोडायचा. जत-आटपाडीहून शनिवारी निघालेली बाटली सोमवारी उघडते, म्हणून बाटलीवर वेळ लिहून घेतो. फॉर्मॅलिनमध्ये फार काळ राहिलेल्या तुकड्यावर काही अँटिबॉडी फिक्या पडतात.

मेणात तुकडा कडेवर उभा बसवायचा. आडवा बसला की ग्रंथींची फक्त गोल तोंडं दिसतात आणि वर-खाली कळत नाही. एकापाठोपाठ ३-४ मायक्रॉनचे सेक्शन कापून लेपवाल्या स्लाइडवर घ्यायचे. फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं अँटिबॉडीसाठी पुन्हा मोकळी करायला सिट्रेट बफर, पीएच ६, ९५-९८ अंशांवर २० मिनिटं. मग तितकाच वेळ गार होऊ द्यायचं. मध्येच लाइट गेली तर ती खेप बाद धरतो, अंदाजाने मिनिटं वाढवत नाही.

मोठा धोका कॉर्पसमध्ये असतो. आम्ल बनवणाऱ्या पॅरायटल पेशी मायटोकॉन्ड्रियांनी भरलेल्या, म्हणजे त्यांच्यात मूळचंच बायोटिन भरपूर. अ‍ॅव्हिडिन-बायोटिनचं किट रंग उठवायला वापरलं की ते या बायोटिनलाच चिकटतं, आणि अँटिबॉडी चिकटलेली नसतानाही त्या तपकिरी होतात, आणि फसवं चित्र नेमकं 'भागांमधल्या फरका'सारखंच दिसतं. म्हणून बायोटिनवर न चालणारं पॉलिमर किटच घ्यावं, असं माझं ठाम मत. आधी पेशींमधलं मूळचं पेरॉक्सिडेज (हेही फसवा रंग देतं) बंद पाडायला ३% हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. शिवाय प्राथमिक (म्हणजे प्रथिन शोधणाऱ्या पहिल्या) अँटिबॉडीशिवायची एक स्लाइड अँट्रमची, एक कॉर्पसची. दोन्ही, दर खेपेला.

जमलेली स्लाइड बघत राहावीशी वाटते. कॉर्पसमध्ये प्रोटॉन पंपाच्या (पॅरायटल पेशींतलं आम्ल सोडणारं प्रथिन) अँटिबॉडीने ग्रंथीचा वरचा-मधला भाग दाट तपकिरी होतो, पेप्सिनोजेन-१ तळाशी उठून दिसतं. अँट्रममध्ये ग्रंथींच्या मधल्या पट्ट्यात सुट्या सुट्या गॅस्ट्रिन पेशी. एमयूसी५एसी (श्लेष्म्यातलं एक प्रथिन) मात्र दोन्हीकडे पृष्ठभागावर असतं, त्यावरून जागा ठरवू नये.

जुनाट जठरदाहात कॉर्पसच्या ग्रंथी झिजून अँट्रमसारख्या दिसू लागतात. तेव्हा गॅस्ट्रिनची स्लाइड निकाल देते: गॅस्ट्रिन नाही आणि पेप्सिनोजेन-१ आहे, तर तुकडा मूळचा कॉर्पसचाच. रुग्ण पँटोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) घेत असेल तर ते फॉर्मवर हवंच. त्या गोळीने पॅरायटल पेशी फुगतात, रक्तातलं गॅस्ट्रिन वाढतं, आणि अशा रुग्णाचे आकडे इतरांसोबत एका तक्त्यात घालता येत नाहीत.