पावसाळी हवेचा विचार करून केलेले बाक

कोपरखैरण्यातील आमच्या रो-हाउसच्या मागच्या खोलीत सुतारकामासाठी बाक करताना सागवान मी मुद्दामच टाळले. ज्यावर हातोडी पडणार आणि पटाशी घसरणार, त्यासाठी सागवानाचा भाव मोजणे मला पटत नाही. यंत्रांच्या पॅकिंगमधून निघालेले पाइन मी पसंत केले, मात्र प्रत्येक नगावरचा शिक्का पाहूनच. ‘एचटी’ याचा अर्थ लाकडाचा गाभा किमान 56 अंश सेल्सिअसवर सलग 30 मिनिटे तापवलेला असतो. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, आणि तसे लाकूड मी घरात आणत नाही.

या तापवण्याने कीड मरते, पण लाकूड वाळलेच असेल असे नाही. म्हणून फळ्यांच्या थरांमध्ये पातळ पट्ट्या घालून ती चळत पावसाळा सरल्यावर हिवाळाभर खोलीतच ठेवली, आणि मगच करवत हातात घेतली.

सरळ उभे राहून हात खाली सोडला की मनगट जिथे येते, तेवढी उंची रंधा मारण्यास सोयीची पडते. माझ्या बाबतीत ती 34 इंच भरली. पाय आणि आडव्या पट्ट्या खाच-कुसवाने, म्हणजे एका तुकड्याचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून, जोडल्या, कारण रंध्याचा जोर आडवा लागतो आणि नुसते स्क्रू कालांतराने सैल होतात. वरच्या फळ्या फेविकॉलने जोडून क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली आणि डोळा खाली आणून पाहिले. पट्ट्यांच्या कडा समांतर दिसेपर्यंत उंच कोपरे रंधत राहिलो. कामाचा खरा वेळ इथेच गेला.

पावसाळी हवेत लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे वरचा पाट चौकटीला चिकटवला नाही. मधले स्क्रू घट्ट बसवले आणि कडेच्या स्क्रूंची भोके रुंदीच्या दिशेने लांबट कोरली.

चकचकीत पॉलिशवर काम सरकते, शिवाय लाखेचे पॉलिश दमट हवेत पांढुरके पडते. म्हणून रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळणारे जवसाचे तेल चोळले आणि न मुरलेले पुसून घेतले. तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो, त्यामुळे त्या बाहेर दोरीवर सुट्या वाळत घातल्या. तेल वाळल्यावर, मी उजवा असल्याने, शेगडा, म्हणजे लाकूड आवळून धरणारा व्हाइस, डाव्या टोकाला बसवला.