वीतभर आयरिससाठी एकवीस दिवस

आयरिस रेटिक्युलाटा या फुलझाडाचे माझे 15 कांदे घरापासून 9 किलोमीटरवर तब्बल 21 दिवस पडून होते. अजून आठवलं की चीड येते.

हे आयरिस जेमतेम 10 ते 15 सेंटिमीटर उंच. मूळ तुर्कस्तान, कॉकेशस, इराणकडचं. तिथे बर्फ सरता सरता निळं-जांभळं फुलतं, खालच्या पाकळ्यांवर केशरी पट्टा. कांद्याची साल जाळीदार असते, त्यावरूनच नाव पडलं. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याच्या हवेत ते तगणार नाही, असं सगळे म्हणाले. पण त्याला लागणारी थंडी फ्रिजात देता येते, हे मी वाचलं होतं.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी झाल्यावर हिमाचलमधून मागवले. 6 ऑक्टोबरला पार्सल तालुक्याच्या डेपोत आलं आणि तिथेच अडकलं. लेबलवर घर क्रमांक छापलेलाच नव्हता, नुसतं वाड्याचं नाव. पहिल्या खेपेला उत्तर, "बाय, फाल्यां यो," म्हणजे उद्या ये. दुसऱ्या खेपेला आधारची झेरॉक्स मागितली. तिसऱ्यांदा म्हणे पाठवणाऱ्याचं पत्र आणा. पत्र मिळवलं, तर सही करणारे साहेब रजेवर. निदान खोका उघडून वारा तरी लागू द्या, म्हणून हात जोडले. नाही म्हणाले. या कांद्यांना कोरडी ऊब चालते, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवेत कोंडलं की ते कुजतात. शिवाय त्यांना 12-13 आठवडे थंडी हवी. इथे गेलेला एकेक दिवस फुलांना उन्हाळ्याकडे ढकलत होता. हे सांगितलं, तर काउंटरवरच्या माणसाने मान वर केली नाही. 27 तारखेला एकदाचा खोका हातात पडला. चार कांदे मऊ झालेले, बुरशीने काळवंडलेले. मी तिथेच रडले.

उरलेले 11 दोन कुंड्यांत लावले. अर्धी वाळू आणि चिऱ्याची बारीक खडी, पाणी बेताचंच. मग फ्रिजाच्या खालच्या कप्प्यात. तिथे सफरचंद, चिकू अजिबात ठेवू नका. पिकत्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. आमच्या घरी 13 आठवडे फळं बाहेरच राहिली, त्यावरून कुरबुरही झाली.

26 जानेवारीला कुंड्या पूर्वेच्या पडवीत आणल्या. थेट ऊन नको. 9 फेब्रुवारीला सकाळी पहिलं फूल! एकूण नऊ फुललीत. आपल्याकडच्या उष्म्यात एकेक तीनच दिवस टिकलं, पण तीन दिवस वाड्यावरचे सगळे बघून गेले. फुलं बुटकी, म्हणून कुंडी स्टुलावर ठेवा, जमिनीवर दिसत नाहीत. थंड प्रदेशात ही दगडी वाफ्यात, वाटेच्या कडेला लावतात. आपल्या पावसात जमिनीत लावायचा विचारही करू नका.

आता पानं लांबलीत, चौकोनी देठासारखी. हेच कांदे इथे पुन्हा फुलण्याची आशा मी धरलेली नाही. यंदाचे नवे मागवताना घर क्रमांक, देवळाची खूण, फोन नंबर, सगळं लेबलवर छापून घेतलंय आणि त्याचा फोटोही मागवून ठेवलाय.