उजवा बाण दाबला, तरी मधमाशी उजवीकडे का गेली नाही?

इंग्लंडमध्ये 2014 पासून मुलं पाचव्या वर्षापासूनच शाळेत कॉम्प्युटिंग शिकतात. हे सांगितलं की मुंबईतल्या नातेवाइकांना वाटतं, पोरं दिवसभर स्क्रीनला चिकटलेली असणार. पण लहान वर्गांत बऱ्याचदा असते ती जमिनीवर फिरणारी पिवळी मधमाशी, बी-बॉट. पाठीवर बाणांची बटणं. पुढचा बाण एकदा दाबला की ती 15 सेंटिमीटर सरकते, बाजूचा दाबला की काटकोनात वळते. सगळा रस्ता आधी ठरवून दाबायचा आणि मग 'गो'.

या सुट्टीत मी एक दादरला आणली. माहेरी एक फुटाच्या लाद्या आहेत, त्यामुळे दोनदा बाण दाबला की जवळजवळ एक लादी पार होते. भाच्याला ती उजवीकडच्या लादीवर न्यायची होती. त्याने उजवा बाण दाबला. मधमाशी जागच्या जागी वळली आणि थांबली.

"आत्या, बिघडली ही!"

मी त्यालाच लादीवर उभं केलं. आई म्हणाली, "उजवीकडे वळ." तो वळला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. "अगं आजी, नुसतं वळून काय? चालायला पण सांग ना!" मग उजवा एकदा, पुढचा दोनदा. पोचली! पुढच्या खेपेला ती आधी जुनाच रस्ता चालली, कारण आधीचं पुसणारं बटण दाबायचं राहून गेलं होतं. तेही त्यानेच शोधून काढलं.

1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकाला हुकूम देण्याची भाषा तयार केली. पुढे तिच्यावर चालणारं, जमिनीवर रेघा काढणारं यांत्रिक कासव आलं. कासवाच्या जागी स्वतःला ठेवून बघ, हे पॅपर्टचं सांगणं मला त्या लादीवर डोळ्यांनी दिसलं.

म्हणून रिमोटची महागडी गाडी घेऊ नका. तिथे पुढचा विचार करावाच लागत नाही. गच्चीवर खडूने चौकोन आखा. एकाने रोबो व्हायचं, दुसऱ्याने चिठ्ठ्यांवर मराठीत हुकूम लिहायचे, आणि रोबोने लिहिलंय तेवढंच करायचं. मूल थोडं मोठं झालं की मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड आहेच: दोन बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटर), चाकं, बॅटरी होल्डर आणि जमलं तर मायक्रोबिट, म्हणजे मुलांसाठीचा तळहाताएवढा संगणक. जोडल्यावर एक चाक उलटं फिरलं, तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करायची असते. ते मात्र मुलाला सांगू नका, त्याला शोधू द्या.