६४१ने भाग जातो

शनिवार, रात्री उशिरा

सध्या एकच संख्या डोक्यात घोळतेय. ४२९४९६७२९७. म्हणजे २चा ३२वा घात अधिक १. अक्षरी म्हणायची तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दम लागतो.

हिचे शेजारी अगदी सरळमार्गी आहेत. एकाने कमी केली की नुसते बत्तीस दोन एकमेकांना गुणलेले. आणखी एकाने कमी केली की ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. पाचही मूळ संख्या, आणि पाचही हिच्याच घराण्यातल्या : २चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात, अधिक १. हे पाच पाहूनच फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं की ३२व्या घाताचीही मूळच निघणार, आणि पुढच्याही सगळ्या. १६४०मध्ये त्याने पत्रांतून तसं कळवलं. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही सांगून टाकलं.

१७२९च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून याबद्दल विचारलं. १७३२मध्ये ऑयलरने उत्तर दिलं : ६४१ने भाग जातो. हे कसं सापडलं ते त्याने बऱ्याच वर्षांनी उलगडून दाखवलं. या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४च्या पटीत एक मिळवूनच यायला हवा. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या चेंडूवर दांडी गुल!

आज मुद्दाम कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून भागाकार मांडला. ४२९४मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. वरून ९ घेतला, ४४८९. सात वेळा, बाकी २. अरेरे, दोनाने हुकलं. मग दोन शून्यं, ४, १, आणि पुन्हा बाकी ४४८! आता वरून यायचा होता शेवटचा ७. ४४८७. सात वेळा, बाकी शून्य. भागाकार ६७००४१७, आणि तीही मूळ संख्याच.

फर्माच्या हातून हे सुटलंच कसं, ते मला कळत नाही. २चा ३७वा घात वजा १ या संख्येला २२३ने भाग जातो, हे त्याने स्वतः याच जातीच्या युक्तीने शोधलं होतं, तेही १६४०मध्येच. माझा आपला तर्क : त्याने ६४१ने भागून पाहिलं असणार आणि वजाबाकीत कुठेतरी हातचा विसरला असणार. पुरावा अर्थातच काही नाही.

६५५३७नंतर या घराण्यात एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. क्रमांक शून्यापासून धरला तर आपली संख्या पाचवी, आणि पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचा मात्र एकही विभाजक कुणाला माहीत नाही. भाग जातो हे पक्कं, कशाने जातो ते ठाऊक नाही. हे कसं सिद्ध करतात ते वाचायला घेतलंय, पण पहिल्याच पानावर अडकलेय. उद्या बघू.