पाव तोळ्याचं पत्र

सराफी पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे तोळा-मासा अंगवळणी पडलेला. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या टपालाचे दर वाचताना मी पहिल्यांदा पैशांकडे नाही, वजनाकडे बघते.

१ ऑक्टोबर १८५४ पासून इकडे नवा दर लागू झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा, तोळ्याला दोन आणे. पत्र सोलापुरातून पुण्याला जावो की पेशावरला, पैसे तेवढेच. त्याआधी अंतर मोजायचे. १८३७ च्या कायद्यानंतर कलकत्ता ते मुंबई तोळाभर पत्राला एक रुपया पडे. म्हणजे सोळा आण्यांचं काम दोन आण्यांत होऊ लागलं! लांब राहणाऱ्या माणसासाठी इतका मोठा निर्णय त्या काळात क्वचितच झाला असेल.

विलायतेत हे आधीच झालं होतं. टपालसुधारक रोलंड हिल यांच्या आग्रहामुळे १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाला एक पेनी. त्याआधी तिकडे अंतराबरोबर कागदही मोजत. पत्र पाकिटात घातलं तर पाकिटाचा कागद वेगळा धरायचे, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून त्यावर पत्ता लिहीत. कित्येक जण पान भरलं की ते आडवं फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच पुढचा मजकूर लिहीत.

आपल्याकडे प्रश्न कागदाच्या संख्येचा नव्हता, वजनाचा होता. तेव्हाचा चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, अधेली म्हणजे अर्धा रुपया अर्ध्या तोळ्याचा आणि पावली म्हणजे पाव रुपया पाव तोळ्याचा. घरात काटा असेल त्याला वेगळी वजनं लागलीच नसतील. एका पारड्यात पावली, दुसऱ्यात पत्र. पारडं पत्राकडे झुकलं की अर्ध्या आण्याचा एक आणा.

माझ्याकडे एक राणीछाप पावली आहे, कडा झिजलेली. पेढीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती २.८ ग्रॅम भरली. कोरी असताना २.९ च्या आसपास असणार. मग प्रिंटरचा साधा ए-फोर कागद ठेवला. पाच ग्रॅम. एकच कागद, तोही पाकिटाशिवाय, आणि दर दुप्पट! पातळ कागद, बारीक अक्षर, समासापर्यंत दाटलेल्या ओळी यामागे हा पाव तोळा उभा आहे असं माझं ठाम मत झालंय. १८६९ मध्ये अर्ध्या आण्यात अर्धा तोळा जाऊ लागला, तेव्हा लिहिणाऱ्यांना केवढं मोकळं वाटलं असेल.

तिकीट न लावताही पत्र टाकता यायचं. मात्र घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे घेत, आणि तिकीट कमी पडलं तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट. हेच आपलं नॉटपेड. आमच्या आजीच्या तोंडी हा शब्द सारखा असे, आणि दारात आलेलं नॉटपेड परत पाठवायची तिची कधी छाती झाली नाही. काय सांगावं, आत कुणाच्या आजारपणाची बातमी असायची.

सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये. इथली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी १८७७ ची. आणि १ जुलै १८७९ ला पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड निघालं. एका बाजूला फक्त पत्ता, मजकूर सगळा मागे. गाव सोडून कामाला आलेल्या माणसाला एका पैशात खुशाली कळवता येऊ लागली. मला या सगळ्या दरांत हा एक पैसा सगळ्यात मोलाचा वाटतो.

एक कळकळीची विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत जुन्या पत्रांचा गठ्ठा असेल तर तिकिटं कापून घेऊ नका. नवी पेठेत रद्दीवाल्याकडे मी अशी कितीतरी पाकिटं पाहिलीत, कोपरा कातरलेली. नुसत्या तिकिटावरून दर कळत नाही. कुठून निघालं, कुठे पोचलं, किती वजनाचं होतं, दंड बसला का, हे पाकीट अख्खं असेल तरच वाचता येतं. पत्र मोडी लिपीतलं असेल आणि वाचता येत नसेल तर फोटो पाठवा, मी वाचून देईन.