वेदीमागचा मिहराब

आज पोर्तुगालमधल्या मेर्तोलाला जाऊन आले. किल्ल्याच्या पायथ्याशी पांढरंशुभ्र चर्च. आत शिरले आणि गोंधळलेच. चर्च म्हटलं की लांबट दालन डोळ्यांपुढे येतं. हे जवळजवळ चौकोनी, नुसते खांबच खांब! मूळची 12व्या शतकातली मशीद. 1238मध्ये गाव ख्रिस्ती सैन्याने घेतलं आणि तिचं चर्च झालं.

वेदीमागे डोकावले तर मिहराब, म्हणजे मशिदीत मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा! गिलाव्यातल्या पाकळीदार कमानी, कडा झिजलेल्या, रेघ मात्र अजून सुरेख. गेल्या शतकातल्या दुरुस्तीत तो पुन्हा उजेडात आला. नालाच्या आकाराच्या कमानींचे दरवाजेही टिकलेत. बरं झालं, कुणी रंगरंगोटी करून नवाकोरा केला नाही. (आपल्याकडे ऑइलपेंटचा डबा तयारच असतो!)

निघताना एक आजी वेदीकडे तोंड करून प्रार्थना करत होत्या. म्हणजे मिहराबाकडेच.